सहावा टाका

मी डावखुरा.
लान्सिंगच्या बॉडी प्लांटातली यंत्रं उजव्या हाताची,
म्हणून मागच्या पॅनेलला मी वेल्डिंगचे जे टाके घालायचो
त्यातला सहावा नेहमी रेघेबाहेर जायचा.
फोरमन बोटानं चाचपून बघायचा,
"डिकीच्या आत आहे, कोण बघतंय? जाऊ दे."
आणि पट्टा ती पुढे न्यायचा.

तासाला पन्नासेक गाड्या. मनगटावर ठिणग्या.
शेजारी ओझेल टिब्ज, आर्कान्सातून आलेला,
त्या गोंगाटात शिट्टी वाजवायचा.
ऐकू कुणालाच यायची नाही,
चाल त्याच्या ओठांवरून ओळखायची.

सत्तरच्या मार्चमध्ये मी एक घेतली. छत्तीस हप्ते.
ओल्ड्समोबिल फोर-फोर-टू.
चार घशांचा कार्ब्युरेटर, चार गिअर, दोन धुराडी,
नावातच सगळी कुंडली.
रंग पाइनच्या सावलीसारखा हिरवा.
पहिल्याच रात्री डिकी उघडून आत हात घातला,
काठाखालून मोजत गेलो.
एक, दोन, तीन, चार, पाच.
सहावा रेघेबाहेर.
दिवसभर शेकडो गाड्या हाताखालून जायच्या,
त्यातली एक फिरून माझ्याच दारात आली होती.

खरं सांगायचं तर विल्मा माझ्यापेक्षा चांगली चालवायची.
सॅगिनॉ रस्त्याच्या सिग्नलला शेजारी एक शेव्हेल येऊन थांबली,
आतलं पोरगं आमच्याकडे बघून हसलं.
विल्मानं चपला काढल्या,
कॉफीचा थर्मास माझ्या गुडघ्यांमध्ये दिला,
"धर."
दिवा हिरवा झाला. पुढचं मला नीट आठवत नाही,
मान सीटला चिकटली होती.
कॉफी मात्र सांडली नाही.
तिची आई, चर्च न चुकवणारी डच बाई,
दोन चौक आधीच ओट्यावरून म्हणायची,
"आला बघ तुमचा भूकंप."

मग मीठ.
हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात माणसं,
इथे मीठच खातं.
आधी चाकांवरची कमान, मग दाराची खालची कड,
एका एप्रिलमध्ये पायाखालच्या गालिच्यातून रस्ता दिसला.
कॉरिन मागच्या सीटवर, चार वर्षांची,
टाळ्या वाजवत होती.

एकोणऐंशी साली पंपांवर रांगा, प्लांटात कपात.
ओवोसोचा एक मुलगा नऊशे डॉलर घेऊन आला.
विल्मानं नोटा दोनदा मोजल्या,
गॅरेजात गेली,
आणि जमिनीवरच्या तेलाच्या डागावर
बराच वेळ उभी राहिली.
मी काही बोललो नाही. ती रेडिओ काढून घेऊ म्हणाली होती,
तोही राहिला.

प्लांट पाडला. आता तिथे खडी आहे आणि कुंपण.
ओझेल गावी परतला, नाताळला कार्ड यायचं,
मग त्याच्या मुलीच्या अक्षरात एकच आलं.

गेल्या ऑगस्टात मेसनला, हार्डवेअरच्या दुकानापुढे,
जुन्या गाड्यांचा मेळा. तिसऱ्या रांगेत
हिरवी फोर-फोर-टू.
इंजिनाखाली आरसा ठेवलेला, बाजूला घडीची खुर्ची,
खुर्चीत मालक. ग्रँड रॅपिड्सचा डॉक्टर,
पोरांचे वाकडे दात सरळ करतो.
मी विचारलं, डिकीत हात घालू?
तो जरा घाबरला, मग म्हणाला, घाला.

एक, दोन... पुढे बोट घसरतच गेलं.
गुळगुळीत. ताटाच्या कडेसारखं.
"सगळं घासून घेतलं," तो म्हणाला,
"कारखान्यातून निघाली तेव्हाही इतकी चोख नव्हती."
"नव्हती," मी म्हणालो.
तीच होती का? कोण जाणे.
त्या वर्षीच्या हजारो गाड्यांत
माझा सहावा वाकडा होता.

परतताना कॉरिनची बॅटरीवरची गाडी,
आवाज फक्त टायरांचा.
सिग्नलला थांबलो. शेजारी कुणीतरी येऊन थांबलं.
दिवा हिरवा झाला
आणि माझा डावा पाय आपसूक क्लच शोधायला गेला.
गालिचा होता तिथे. नवा, धड.
"काय झालं, बाबा?"
"काही नाही. आईला सांगू नकोस."